पुढच्या चाकांचा निरोप हातापर्यंत येऊ द्या

प्रति,
स्पोर्ट्स कार बनवणाऱ्या कंपन्यांचे चासी आणि स्टीअरिंग विभाग

स.न.वि.वि.

ऑइलच्या दाबाने मदत करणारं हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग गेलं आणि मोटरने मदत करणारं इलेक्ट्रिक आलं, तेव्हा पहिली पिढी म्हणून आम्ही बऱ्याच गोष्टी सोडून दिल्या. आता पुढचं पाऊल पडतं आहे. २०१३ साली इन्फिनिटी क्यू५० स्टीअर-बाय-वायर घेऊन आली, म्हणजे स्टीअरिंग आणि चाकं दांड्याऐवजी विजेच्या तारेने जोडणारं तंत्र. तिच्यात अडीअडचणीला क्लचने जोडला जाणारा दांडा तरी होता. २०२३ च्या टेस्ला सायबरट्रकमध्ये तोही नाही. या दोन्ही स्पोर्ट्स कार नव्हेत, पण तंत्र एकदा रुळलं की ते सगळीकडे जातं. त्या दिवशी हाताला जे काही लागेल, ते सगळं सॉफ्टवेअरने ठरवलेलं असेल. म्हणून काय गाळायचं आणि काय पोचवायचं याचा हिशेब आत्ताच उघडपणे मांडायला हवा. आम्ही म्हणजे या गाड्या चालवणारे, ट्रॅकवर नेणारे, त्यांचं अलाइनमेंट करणारे आणि रॅक (चाकं वळवणारा दातेरी दांडा) खोलून बसणारे लोक. स्टीअरिंग मुकं झालं की पहिला फटका आम्हालाच बसतो, टायरच्या रूपात किंवा वळणाबाहेर गेलेल्या गाडीच्या रूपात.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे गैरसमज नको. विजेवर आमचा राग नाही. १९९० च्या होंडा एनएसएक्सच्या ऑटोमॅटिक आवृत्तीत इलेक्ट्रिक स्टीअरिंग होतं, १९९९ च्या एस२००० मध्येही होतं. पोर्शने २०११ च्या ९९१ पिढीत ९११ ला इलेक्ट्रिक स्टीअरिंग दिलं, तेव्हा बरीच आरडाओरड झाली. पण त्याच कंपनीच्या २०१५ च्या केमन जीटी४ चं स्टीअरिंग, तेही इलेक्ट्रिकच, लोकांनी डोक्यावर घेतलं. उलट मॅकलॅरेनने, आणि लोटसने एमिरा या गाडीत, विजेच्या पंपावर चालणारं हायड्रॉलिक ठेवलं, ते काही जुन्याच्या हौसेपोटी नव्हे. जुन्या पद्धतीचे दोषही आम्हाला पाठ आहेत. पंप इंजिनवर सतत फिरत राहतो आणि इंधन खातो. ट्रॅकवर ऑइल तापून टाकीतून बाहेर फेकलं जातं. कमी आरपीएमला झटकन उलटसुलट वळवलं की पंप मागे पडतो आणि स्टीअरिंग क्षणभर दगडासारखं होतं. होसेस गळतात ते वेगळंच. ते दिवस परत आणा, असं आम्ही म्हणत नाही.

आमचं म्हणणं एकाच गोष्टीभोवती आहे. वळणात पुढच्या टायरची पकड संपत आली की स्टीअरिंग हलकं व्हायला हवं. हे हलकं होणं आपल्या ट्यूनिंगमध्ये पुसलं जातं आहे.

हे का होतं, ते आपल्याला माहीत आहे. पण हे पत्र इतरांनीही वाचावं म्हणून सांगतो. वळणात टायर गाडीला आत ढकलतो, पण ते बळ टायर जिथे जमिनीला टेकतो त्या भागाच्या मधोमध लागत नाही, किंचित मागे लागतं. या अंतराला न्यूमॅटिक ट्रेल म्हणतात. कॅस्टरमुळे, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याच्या मागे कललेपणामुळे, मिळणारं अंतर वेगळं, ते मेकॅनिकल ट्रेल. बळ गुणिले दोन्ही अंतरांची बेरीज, हाच चाकाला सरळ करू पाहणारा टॉर्क (फिरवणारा जोर) आणि हाताला लागणारं वजन. टायर मर्यादेकडे जाऊ लागला की न्यूमॅटिक ट्रेल झपाट्याने घटतो, अगदी शून्याच्या जवळ जातो. आणि तो घटतो पकड संपण्याच्या आधी. म्हणजे बाजूचं बळ अजून वाढत असतं, पण सरळ करणारा टॉर्क शिखर ओलांडून उतरणीला लागलेला असतो. ड्रायव्हरला अंडरस्टीअरची (वळवूनही गाडी पुरेशी न वळण्याची) आगाऊ खबर मिळते ती इथे. टायर किंचाळायच्या आधी आणि नाक बाहेर जायच्या आधी.

आता उदाहरणादाखल आकडे घेऊ. मेकॅनिकल ट्रेल २० मिलिमीटर, मध्यम वेगाच्या वळणात न्यूमॅटिक ट्रेल ३० मिलिमीटर, बाजूचं बळ ३००० न्यूटन. टॉर्क झाला १५० न्यूटन-मीटर. मर्यादेजवळ बळ ४५०० न्यूटन झालं आणि न्यूमॅटिक ट्रेल ५ वर आला, तर टॉर्क साधारण ११२. म्हणजे पाव हिस्सा कमी. हा फरक हाताला कळतो. आता सरळ रस्त्यावर गाडी ‘ठाम’ वाटावी म्हणून कॅस्टर वाढवून मेकॅनिकल ट्रेल ४० केला. पहिला आकडा २१०, दुसरा २०२. घट जेमतेम ४ टक्के. मोटर अजून मध्ये आलीही नाही, आणि निरोप भूमितीनेच गिळला. भारी कॅस्टर परवडतो तो मोटर सगळं ओढून नेते म्हणून, तेव्हा याचं खातंही इलेक्ट्रिक स्टीअरिंगच्याच नावावर पडतं.

ही झाली पहिली तक्रार. दुसरी मदतीच्या वक्राबद्दल, म्हणजे हाताच्या किती जोराला मोटर किती मदत देते त्या आलेखाबद्दल, आणि आमच्या मते मूळ दुखणं हेच आहे. स्टीअरिंगच्या दांड्यातली टॉर्शन बार नावाची बारीक सळई पिळली जाते, सेन्सर तो पीळ मोजतो, कंट्रोल युनिट तो वक्र बघून मोटरला करंट देतं. इथवर ठीक. पण बऱ्याच गाड्यांत हा वक्र मध्यभागी सपाट आणि पुढे एकदम उभा असतो. उभ्या भागात रॅकवरचं बळ कितीही बदललं तरी जादाचा भार मोटर उचलते आणि हाताला जवळपास तेच वजन लागत राहतं. रॅकवरचं बळ पाव हिश्शाने उतरलं आणि वक्र सरळ असेल, तर ४ न्यूटन-मीटरचे ३ होतील. १८ सेंटिमीटर त्रिज्येच्या स्टीअरिंग व्हीलच्या कडेवर हा फरक साडेपाच न्यूटन, म्हणजे अर्ध्या किलोहून थोडा जास्त. बोटांना सहज कळेल इतका. वक्र उभा असेल तर ४ चे ३.७ होतात. कडेवर फरक उरतो १७० ग्रॅम वजनाएवढा. कॉलममधल्या (व्हीलखालच्या दांड्यातल्या) गिअरचं, जॉइंटचं आणि रॅकच्या सीलचं घर्षण मिळून तेवढं सहज होतं. मग ड्रायव्हरला कळायचं काय, आणि कसं? हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्हलाही असाच वक्र असायचा, हे मान्य. पण तो धातूत कापलेला असायचा, बदलायचा तर नवा व्हॉल्व्ह लागायचा. आपल्याकडे तो एका तक्त्यातला आकडा आहे, वेगानुसार वेगळा ठेवता येतो. सोय हाताशी असून ती पार्किंग सोपं करण्यापुरती वापरायची, याचं वाईट वाटतं.

तिसरी तक्रार स्पोर्ट बटणाबद्दल. याला फार शब्द लागत नाहीत. बटण दाबलं की मदत कमी होते, डॅम्पिंग (हालचालीला मुद्दाम दिलेला विरोध) वाढतं, स्टीअरिंग जड होतं. जड म्हणजे बोलकं, हे समीकरण कोणी काढलं? सरळ उभ्या गाडीतही जड आणि बर्फावरही तेवढंच जड असलेलं स्टीअरिंग काहीच सांगत नाही. ओल्या कणकेत चमचा फिरवल्यासारखं लागतं ते डॅम्पिंगमुळे, टायरमुळे नव्हे. आणि बहुतेक गाड्यांत सगळ्यात स्वच्छ स्टीअरिंग कम्फर्ट मोडमध्येच मिळतं. हे तुमच्या टेस्ट ड्रायव्हरना ठाऊक नसेल यावर आमचा विश्वास नाही.

चौथी तक्रार जडत्वाची. स्टीअरिंगचा एक फेरा म्हणजे मोटरचे साधारण २० फेरे. हातापाशी जाणवणारं मोटरचं जडत्व या गुणोत्तराच्या वर्गाने वाढतं, २० चा वर्ग ४००. रोटर मुठीत मावेल एवढा असला, तरी गुणाकारानंतर त्याचं जडत्व स्टीअरिंग व्हीलच्या स्वतःच्या जडत्वाच्या घरात जाऊ शकतं. जणू दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक व्हील अडकवलं आहे. रस्त्याचे बारीक थरथराट या वजनाला हलवण्यातच संपतात. सावकाश बदलणारं बळ येतं, पण डांबराचा पोत बदलला, पांढऱ्या पट्ट्यावरून चाक गेलं, ओल्या ठिगळावर पकड क्षणभर सुटली, असं झटपट होणारं काही वर येत नाही. मोटरच्या वेगातला बदल बघून जडत्व भरून काढणारा भाग आपल्या सॉफ्टवेअरमध्ये असतो, तो नीट लावला तर बरंच परत मिळतं. फार लावला तर स्टीअरिंग हातात कुरकुरायला लागतं, म्हणून तो घाबरत घाबरत लावला जातो. इथे जास्त दिवस घालवा, एवढीच विनंती. रॅकचं घर्षण कमी केलं तर या भागावरचा भारही कमी होतो. माझ्दाने २०२४ साठी एमएक्स-५ सुधारली, तेव्हा रॅकच्या घर्षणाकडेही लक्ष दिलं. म्हणजे जमत नाही असं नाही.

मोटर कुठे बसवली आहे यानेही फरक पडतो. कॉलमवर बसवली तर स्वस्त, उष्णतेपासून दूर, पण मदतीचं सगळं बळ मधल्या शाफ्टमधून आणि वर्म गिअरमधून (स्क्रूसारख्या दातांच्या गिअरमधून) जातं. रॅकवर पट्टा आणि बॉल स्क्रू (मोटरचं फिरणं सरळ ढकलीत बदलणारा स्क्रू) लावून बसवली तर मदत थेट रॅकला मिळते आणि सेन्सरचा पिनियन (रॅकला हलवणारं छोटं दातेरी चाक) हाताशी मोकळा राहतो. हा फरक खरेदीदाराला कुठल्याच माहितीपत्रकात सापडत नाही. सीटच्या शिलाईचा रंग मात्र पानभर असतो.

पाचवी तक्रार लपवाछपवीची, आणि ही गॅरेजमधून आली आहे. सॉफ्टवेअरमध्ये दोन भाग असे आहेत जे गाडीचे आजार झाकतात. एक, गाडी एका बाजूला ओढत असेल तर सरळ रस्त्यावरचा सरासरी टॉर्क शिकून घेणारा आणि मोटरने कायमची उलटी ढकल देणारा. रस्त्याचा बाजूचा उतार भरून काढायला हा चांगला. पण एका टायरमध्ये हवा कमी असेल, दोन बाजूंचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) किंवा कॅस्टर वेगळा झाला असेल, ब्रेकचा कॅलिपर अडकून डिस्क घासत असेल, तर पूर्वी ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी कळायचं. आता मोटर गुपचूप सांभाळून घेते. गाडी गॅरेजमध्ये येते तेव्हा टायर आतल्या कडेने तारेपर्यंत खाल्लेला असतो, किंवा डिस्क निळी पडलेली असते.

दुसरा भाग व्हीलची थरथर मारणारा. १०० किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. टायरचा घेर २ मीटर धरला तर चाक सेकंदाला १४ वेळा फिरतं. बॅलन्सिंग बिघडलं, तर नेमक्या याच गतीने व्हील थरथरतं. सॉफ्टवेअर चाकाचा वेग बघून तेवढीच लय कापून टाकतं. ऐकायला सुंदर. पण रॅकला चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉडच्या टोकात प्ले (ढिलेपणा) आला, डिस्कची जाडी असमान झाली, टायरमध्ये फुगवटा यायला लागला, तरी पहिली खूण तीच थरथर असते. तिला दाबून ठेवायचं असेल तर निदान नोंद तरी ठेवा. मोटर दर किलोमीटरला किती भरपाई देते आहे हे कंट्रोल युनिटला ठाऊक असतंच. ठरावीक मर्यादा ओलांडली की डॅशबोर्डवर एक ओळ दाखवायला काय हरकत आहे?

लेन सांभाळणाऱ्या मदतीचंही याच ओघात. युरोपीय संघात आता नव्या गाड्यांना आपत्कालीन लेन-रक्षण सक्तीचं आहे आणि ते दर वेळी गाडी सुरू केली की आपोआप चालू होतं. कायदा आहे, त्यावर आमचं म्हणणं नाही. पण वळणाचा आतला पट्टा पकडताना व्हील मध्येच विरुद्ध दिशेला खेचलं जातं, तेव्हा ते बळ टायरचं की कॅमेऱ्याचं हे हाताला ओळखता आलं पाहिजे. दोन्ही एकाच मोटरमधून, एकाच चवीने येतात. कॅमेऱ्याच्या सूचनेला वेगळा कंप द्या, टॉर्कमध्ये मिसळू नका.

आता दुरुस्ती. इथे आमचे हात जास्त काळे झालेले आहेत.

स्टीअरिंग अखडतं किंवा मधल्या भागात चिकटतं, अशी तक्रार आली की बहुतेक ठिकाणी थेट पूर्ण असेंब्ली बदलायला सांगतात. त्याआधी करायची तपासणी अगदी साधी आहे. गाडीची पुढची चाकं उचला, स्टीअरिंग लॉक सुटेल इतकीच चावी फिरवा, इंजिन बंद, मदत बंद. व्हील सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. ओढ सगळीकडे सारखी हवी. दर फेऱ्यात दोनदा जड लागत असेल, तर दोष मधल्या शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटचा, रॅकचा नव्हे. सगळीकडेच सारखं जड असेल, तर रॅकला दाबून धरणारा योक जास्त आवळलेला असू शकतो. खरखर लागत असेल, तर रॅकच्या टोकांवरचे रबरी बूट बघा. बूट फाटून पाणी आत गेलं की बॉल स्क्रू गंजतो, आणि रबराच्या एका तुकड्यापायी अख्खा रॅक जातो. कॉलमवर मोटर असलेल्या गाड्यांत उभ्या जागी व्हील हलवल्यावर टक टक आवाज येत असेल, तर बऱ्याचदा मोटर आणि वर्मच्या मधला चांदणीसारखा रबरी कपलर झिजलेला असतो. तळहातावर मावणारा भाग. तो सुटा विकला, तर तासा-दोन तासांचं काम. सुटा न विकल्यामुळे कॉलम बदलायचा.

तपासणीतला सगळ्यात जास्त फसवणारा भाग विजेचा. जोरात वळवताना ही मोटर १२ व्होल्टवर ८० अँपिअरच्या पुढे जाऊ शकते, म्हणजे जवळपास किलोवॅट. बॅटरी कमजोर असेल किंवा अर्थची वायर सैल असेल, तर व्होल्टेज पडतं आणि मदत क्षणभर मिटमिटते. स्कॅनर टॉर्क सेन्सरकडे बोट दाखवतो, मेकॅनिक रॅक उतरवतो, दोष बॅटरीच्या खालच्या बोल्टला. अलाइनमेंटनंतर स्टीअरिंग अँगल सेन्सर आणि टॉर्क सेन्सरचा शून्य पुन्हा लावावा लागतो. तो लावला नाही तर गाडी सरळ असूनही मोटर एका बाजूला ढकलत राहते, आणि मालक पुन्हा अलाइनमेंटवाल्याशीच भांडतो. ही सोय फक्त अधिकृत स्कॅनरमध्ये बंद करून ठेवणं आम्हाला पटत नाही.

ट्रॅकवर अजून एक. सलग फेऱ्या मारल्या की मोटर आणि कंट्रोल युनिट तापतं आणि स्वतःला वाचवायला मदत कमी करतं. करायलाच हवं. पण ड्रायव्हरला ते कळतं ब्रेक मारून वळणात शिरताना, जेव्हा व्हील अचानक दुप्पट जड होतं. ऑइलचं तापमान दाखवता, टायरचं दाखवता. स्टीअरिंग मोटरचंही दाखवा.

आमच्या मागण्या अशा आहेत:

१. स्पोर्ट्स कारचा मदतीचा वक्र मर्यादेजवळ एकदम उभा ठेवू नका. टायरचा टॉर्क पाव हिश्शाने उतरला, तर हाताला निदान त्याच्या निम्मी घट लागलीच पाहिजे.

२. मदत, डॅम्पिंग आणि मध्याकडे परतण्याचं बळ, या तिन्हींसाठी वेगळी सेटिंग द्या. ‘स्पोर्ट’ या एका बटणाखाली तिन्ही बांधू नका.

३. मोटर कॉलमवर आहे, पिनियनवर आहे की रॅकवर, स्टीअरिंगचं गुणोत्तर किती आणि कॅस्टर किती, हे माहितीपत्रकात छापा.

४. ओढ आणि थरथर यांची भरपाई मर्यादेबाहेर गेली की चालकाला कळवा. तो आकडा कुठल्याही साध्या स्कॅनरवर वाचता आला पाहिजे.

५. बूट, कपलर, टॉर्क सेन्सर, मोटर आणि कंट्रोल युनिट सुटे विका. शून्य लावण्याची प्रक्रिया सगळ्या गॅरेजना खुली करा, आणि बदललेला भाग गाडीशी जोडायला कंपनीचा सर्व्हर लागू नये.

६. मोटर तापत असल्याची सूचना मदत कमी होण्याआधी द्या, नंतर नको.

७. स्टीअर-बाय-वायर आणायचंच असेल, तर हाताला दिला जाणारा टॉर्क रॅकवर प्रत्यक्ष मोजलेल्या बळावरून बनवा. वेग आणि कोन बघून नुसता अंदाजाने काढलेला टॉर्क कोरड्या रस्त्यावर खपून जाईल. ओल्या रस्त्यावर तो खोटं बोलेल, कारण टायर घसरतो आहे हे त्याला ठाऊकच नसेल.

यातली दुसरी, चौथी आणि सहावी मागणी आज रस्त्यावर असलेल्या गाड्यांनाही सॉफ्टवेअरच्या एका अपडेटने देता येईल. सुरुवात तिथून करा. उत्तर खासगीत नको, जाहीर द्या. कोणती मागणी मान्य, कोणती अमान्य आणि का, एवढं लिहिलं तरी चालेल.

कळावे,

आपले,
या गाड्या चालवणारे आणि दुरुस्त करणारे